सोप्यापासून गाळ्यापर्यंत : कामगाराच्या घराचे वारसामूल्य

वाईत ‘वारसा’ हा शब्द उच्चारला की बोट आपोआप घाटाकडे जाते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, त्याच्याआधी पाच वर्षे उभे राहिलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ, मोतीबागेतील वाड्याची भित्तिचित्रे, आणि नदीच्या वरच्या अंगाला मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा. पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तिकेत ही यादी याच क्रमाने येते. ती चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण यादी म्हटली की तिच्यात कोण नाही हेही पाहावे लागते, आणि या यादीत ज्यांनी ही देवळे, घाट, वाडे प्रत्यक्ष बांधले त्यांचे घर नाही. त्यांच्या वंशजांचेही नाही.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या निमुळत्या टोकावर आदळून दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षे देऊळ उभे आहे त्याचे श्रेय या भिंतीला आहे. नदीचा स्वभाव इतका नेमका ओळखणारे कोणी पाथरवट, कोणी गवंडी होते. चुन्याची घाणी फिरवणारे, काळा दगड घडवणारे, तो खांद्यावरून वाहून आणणारे होते. रास्त्यांचे नाव राहिले. हे लोक संध्याकाळी कोणत्या घरात परतत होते हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण ते घर केव्हाच मातीत मिळाले आहे अशी आपली खात्री असते. अठराव्या शतकापुरती ती बरोबरही असेल. पण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील श्रमिकाच्या घराबाबत हे कारण लागू पडत नाही. ते घर कालपरवापर्यंत उभे होते; काही ठिकाणी आजही आहे.

वाई तालुक्यातील, आणि एकूणच साताऱ्याच्या पश्चिम भागातील कामगार वाईत फारसा सापडत नाही. तो मुंबईत सापडतो. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढील पन्नास वर्षांत कोकणाबरोबरच घाटावरच्या सातारा जिल्ह्यानेही गिरण्यांना माणसे पुरवली. डोंगरउताराची तुटपुंजी जमीन, भावाभावांत होणाऱ्या वाटण्या, सावकाराचे देणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वाठारचे रेल्वे स्थानक झाल्यावर वाट सोपी झाली. वाई, जावळी, कोरेगाव, पाटण या भागांतला माणूस गिरणीत गेला, गोदीत गेला, दाणाबंदरात पाठीवर पोती वाहू लागला. १९६९ साली ज्या माथाडी कायद्याने या पाठीवरच्या ओझ्याला हिशेब आणि संरक्षण दिले, त्याच्या लढ्याचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले.

म्हणून या कामगाराचे घर एक नसते, दोन असतात. एक गावाकडचे आणि एक मुंबईचे. दोन्ही मिळून एक संसार होतो. वारशाच्या दृष्टीने विचार करताना आपण एक तर गावाकडचे घर ‘ग्रामीण वास्तुशैली’ म्हणून पाहतो, नाही तर मुंबईची चाळ ‘नागरी इतिहास’ म्हणून पाहतो. या दोहोंना जोडणारा धागा मनीऑर्डरीचा होता, आणि तो कोणत्याच खात्याच्या कक्षेत येत नाही.

आधी गावाकडचे घर. साताऱ्याच्या पूर्वेकडील माण-खटावच्या कोरड्या मुलखात माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरे. पश्चिमेकडे पाऊस वाढत जातो तसे छप्पर उतरते होत जाते. वाई या दोहोंच्या मध्ये, पण कल पश्चिमेकडे. दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, पुढे सोपा, आत माजघर, एका अंगाला गोठा, मागे परडे. बांधकाम खणांत मोजायचे : दोन खणांचे घर, तीन खणांचे घर. भिंतीत दिवळ्या, वर माळा, माजघराच्या कोपऱ्यात जाते आणि जमिनीत पुरलेले उखळ. हे सगळे वर्णन मराठी वाचकाला नवे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते या घराच्या छपरात आणि भिंतीत झालेले फेरफार. गवताच्या किंवा हाताने थापलेल्या नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली. ही कौले बाजेल मिशनने १८६५ साली मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून प्रथम निघाली आणि नंतर सर्वत्र पसरली. गावच्या कुंभाराला धान्य देऊन ती मिळत नसत. त्यांना रोख पैसा लागे. गिरणीकामगाराच्या घरी रोख पैसा पोस्टमन आणून देई. सोप्याची फरशी, खिडकीचे गज, दारावरची पितळी कडी, भिंतीवरची काचेची तसबीर अशा कितीतरी वस्तूंमागे गिरणीचा पगार आहे. जाणकाराने असे घर नीट पाहिले तर कोणत्या पिढीत घरातले किती पुरुष मुंबईला होते याचा अंदाज त्याला बांधता येईल.

गंमत अशी की हे निरीक्षण परक्या राजवटीच्या कारकुनांनी करून ठेवले आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार घरांची आणि घरातल्या भांड्याकुंड्यांची वर्णने आहेत : भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, भांडी धातूची की मातीची. हेतू अर्थातच राज्यकारभाराचा होता, आणि जातीच्या चौकटीत माणसे बसवण्याची खोड तर पानोपानी दिसते. तरीही सामान्य माणसाच्या घराला नोंदीयोग्य मानण्याचे काम त्या कारकुनाने केले. आपण स्वतंत्र झाल्यावर ते पुढे चालवले नाही.

आता मुंबईकडचे टोक. लालबाग-परळ-डिलाईल रोडच्या भागात ‘गावाचा गाळा’ नावाची एक संस्था होती. तिला घर म्हणावे की वसतिगृह की गावची शाखा, हे ठरवणे कठीण. एका खोलीत एकाच गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीशी लावलेली एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. गिरणी पाळ्यांत चाले, म्हणून झोपही पाळ्यांत. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीच्या माणसाने मोकळी केलेली जागा त्याची. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बहुधा एखादी बाई, पुष्कळदा स्वतःच एखाद्या गिरणीकामगाराची बायको किंवा विधवा. या खानावळवाल्या बायकांना संघटित करण्याचे काम १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने सुरू केले. तोवर त्यांना कामगार म्हणून कोणी मोजलेही नव्हते.

गाळ्यात गाव जसेच्या तसे येई. त्यातले चांगलेही येई आणि वाईटही. नवा पोरगा एसटीतून उतरला की त्याला झोपायला जागा आणि कोणाच्या तरी वशिल्याने ‘बदली’चे काम मिळे, आजारी पडला तर त्याला गावी पोचवायला माणूस मिळे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, जत्रेची वर्गणी यांचे निर्णय चावडीइतकेच या गाळ्यांतही झाले. बावधनच्या बगाडाला किंवा मांढरदेवीच्या यात्रेला मुंबईकर किती येतात यावर गावची ऐपत ठरे. पण गाव आले म्हणजे जातही आली. गाळे जातीजातींचे होते, चाळींचेही तसेच. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत जी दंगल पेटली, तिने या शेजाराच्या मर्यादा उघड्या केल्या. कामगारवस्तीच्या एकोप्याची स्मरणरंजक वर्णने वाचताना हे विसरता कामा नये. वारसा जपायचा तर हाही जपावा लागेल.

बीडीडी चाळींचा उल्लेख आला आहे तर त्यांच्याकडे थोडे थांबून पाहू, कारण कामगाराच्या घराच्या वारसामूल्याचा प्रश्न सध्या तेथेच सर्वांत टोकदार झाला आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई असह्य झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. एका खोलीची पन्नास हजार घरे बांधण्याचा संकल्प होता. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवून खर्चाचा भाग उचलायचा होता. १९२५ च्या सुमारास काम आटोपते घेतले तेव्हा वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या होत्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांबलचक अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, टोकाला सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे वाईकडच्या एका बऱ्यापैकी सोप्याएवढी, आणि तिच्यात चूल, मोरी, देव, बाळंतपण, आजारपण, लग्नाची बैठक सगळे काही. सुरुवातीला भाडे परवडेना म्हणून अनेक चाळी रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. कामगारासाठी बांधलेले घर कैद्यालाही चालते, हे सरकारनेच सिद्ध करून दाखवले!

आता कायद्याकडे पाहा. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. १९२५ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या चाळी नेमक्या २०२५ च्या सुमारास शंभरीत आल्या. आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यातील ५५६ कुटुंबांना नव्या उत्तुंग इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. जुन्या चाळी पाडूनच त्या इमारती उभ्या राहिल्या. शंभरी आणि पाडकाम एकदमच आले.

यावर हळहळ व्यक्त करणे सोपे आहे, आणि ती बहुधा चाळीत कधी न राहिलेल्यांनीच व्यक्त केली आहे. तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या बाईला ‘तुझे घर हा राष्ट्राचा ठेवा आहे, तेव्हा तू त्यातच राहा’ असे सांगणे हा क्रूरपणा झाला. वारसावाद्यांना याचे उत्तर देता आले पाहिजे. माझ्या मते ते असे आहे : घराचे वारसामूल्य हे त्यात माणसाने राहत राहण्यावर अवलंबून नसते, पण घराचा पुरावा म्हणून उपयोग मात्र त्याच्या उभे असण्यावर अवलंबून असतो. २०७ पैकी २०७ जपा असे कोणी म्हणत नाही. एक जपावी, एक मजला जपावा. मोरीसह, सामाईक संडासासह, भिंतीवरच्या खिळ्यांसह जपावा. खिळ्यांचे म्हणतो ते थट्टेने नव्हे. एका खोलीत किती माणसे राहत होती हे भिंतीवरच्या खुंट्या आणि खिळे जितके खरे सांगतात तितके जनगणनाही सांगत नाही.

अलॉइस रीगल या व्हिएन्नाच्या कला-इतिहासकाराने १९०३ साली स्मारकांच्या मूल्यांची जी चिकित्सा केली, ती येथे उपयोगी पडते. वास्तूला निव्वळ जुनेपणामुळे येणारे मूल्य आणि इतिहासाचा दाखला म्हणून असणारे मूल्य ही त्याने वेगवेगळी मानली. पहिले भावनेला भिडते. झिजलेला दगड आणि शेवाळ पाहून कोणालाही ते कळते. दुसऱ्यासाठी ज्ञान लागते. मेणवलीच्या वाड्याला दोन्ही मूल्ये आहेत, शिवाय सौंदर्य आहे, म्हणून तो चित्रपटांतही दिसतो. चाळीला आणि मातीच्या घराला पहिले मूल्य फारसे नाही, कारण माती झिजली की रम्य दिसत नाही, ती पडकी दिसते. त्यांना फक्त दुसरे मूल्य आहे. आपल्याकडील वारशाच्या याद्या मुख्यतः पहिल्या मूल्यावर आणि मालकाच्या नावावर चालतात, ही खरी अडचण आहे.

मालकाच्या नावाचा मुद्दा थोडा वाढवतो. श्रमिकाचे घर आपल्याकडे स्मारक होते ते त्यात थोर माणूस राहिला असेल तर. डॉ. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांचे लंडनचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, आणि ते योग्यच केले. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे आपल्याच कृष्णाकाठच्या वाळवे तालुक्यातले. तेथे त्यांचे स्मारक आहे, आणि घाटकोपरच्या चिरागनगरातही ते व्हावे यासाठी शासनाने पावले उचलली. पण या दोन्ही घरांचा अर्थ त्यांच्या शेजारच्या खोल्यांमुळे आहे. चिरागनगरची शेजारची झोपडी पुसून टाकली की अण्णाभाऊंची झोपडी ही एका थोर लेखकाची अडचण तेवढी उरते. लाखो माणसांची ती सर्वसाधारण स्थिती होती हे दिसत नाही. ज्या लेखकाने आयुष्यभर त्या शेजाऱ्यांविषयी लिहिले त्याच्या स्मारकात शेजारी नसावेत, याला काय म्हणावे?

अन्यत्र हे जमले आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाची इमारत १८६३ ची. तिच्यात दाटीवाटीने राहिलेले कोणी जगप्रसिद्ध नव्हते. १९३५ साली वरचे मजले बंद झाले ते १९८८ पर्यंत तसेच राहिले, आणि आज तेथे त्या स्थलांतरित कुटुंबांच्या खोल्यांचेच संग्रहालय आहे. बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेली कामगारांची हजारो घरे होती. ती पाडली गेली, पण एक शेवटची वाडी राखून नॅशनल ट्रस्टने २००४ साली खुली केली. पाडण्याचा निर्णय दोन्ही शहरांत योग्यच होता.

आपल्याकडे एक उदाहरण जरा वेगळे आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत उभारली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी नेमले ही कथा प्रसिद्ध आहे. येथे कामगाराचे घर हा मालकाच्या आणि राजाच्याही विचाराचा भाग होता. म्हणून त्याची नोंद झाली, छायाचित्रे झाली, त्यावर लिहिले गेले. मालकाने बांधलेल्या घराला इतिहास मिळाला. कामगाराने स्वतःच्या मनीऑर्डरीतून, पावसाळ्याआधीच्या महिनाभराच्या रजेत, भाऊबंदांना हाताशी धरून बांधलेल्या घराला मात्र मिळाला नाही. मला हे दुसरे घर अधिक मोलाचे वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने या दोन टोकांच्या संसाराचा कणा मोडला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते, आणि तो कधीही रीतसर मिटला नाही. कितीतरी माणसे गावी परतली. ज्या घरात ती वर्षातून महिनाभर येत असत त्यात आता बारा महिने राहू लागली. सोपा अडवून खोली काढली, गोठ्याची जागा धाकट्या भावाने घेतली, वाटण्या झाल्या, माजघराच्या मधून भिंत आली. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. कामगारांसाठी २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघाल्या. ज्यांना घर लागले त्यांतले काही तोवर हयात नव्हते. इकडे धोम धरणाने वाईच्या पश्चिमेकडील गावे उठवली होती, त्यांच्याबरोबर तिथली जुनी घरेही पाण्याखाली गेली. जी उरली ती आता एकेक करून उतरवली जात आहेत. लाकूड विकले जाते, दगड बांधाला जातो, माती शेतात टाकतात. (पांढरी माती पिकाला चांगली असते, त्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळते.)

वाईसारख्या गावात हे काम व्हायला हरकत नसावी. प्राज्ञपाठशाळेचे आणि विश्वकोशाचे हे गाव. नोंद करणे, वर्गवारी लावणे, नेमका शब्द शोधणे ही येथली जुनी सवय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच घरांतल्या बायकांकडून. ओव्या जमवता आल्या तर ज्या माजघरात त्या म्हटल्या गेल्या त्याची लांबी-रुंदी टिपणे मुळीच कठीण नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या एका सुटीत वीस घरांचे मोजून आराखडे काढले, घरातल्या वृद्ध बाईला विचारून कोणता भाग कोणत्या साली आणि कोणाच्या पैशाने झाला हे त्यावर लिहिले, तर तेवढे पुष्कळ होईल. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी. गाळ्याच्या मंडळांनी वर्गणीच्या वह्या ठेवल्या. कोणी किती रुपये दिले, कोणाला आजारपणात किती दिले, देवळाच्या कळसाला किती, पोरांच्या शाळेला किती, हे सगळे त्यांत असते. गाळे रिकामे झाले तेव्हा भांडी वाटून घेतली गेली. वह्या मात्र शेवटच्या खजिनदाराच्या ट्रंकेत गावी आल्या असतील, आणि ती ट्रंक माळ्यावर असेल. घर उतरवताना सर्वांत आधी माळा रिकामा करतात.